क्लच माझा, गिअर तिचा

माझी बायको गाड्यांतली होती आणि मी नव्हतो. ती चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या चाचणी विभागात इंजिनिअर होती. मी खराडीतल्या एका आयटी कंपनीत खुर्चीवर बसून असतो. आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक माझी, पांढरी, ऑटोमॅटिक. तिच्याबद्दल बायको म्हणायची, "फ्रिज आहे तो. चाकं लावलीत, एवढंच." दुसरी तिची: दोन दारांची, दोनच सीटची, वर कापडी छत असलेली जुनी लाल स्पोर्ट्स कार. इंग्लंडहून कायमचे परतलेले एक डॉक्टर ती बरोबर घेऊन आले होते. पुढे त्यांच्या गुडघ्यांना एवढ्या खाली बसणं झेपेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. आम्ही बघायला गेलो, बायकोने बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ आत पाहिलं, आणि मी मनातल्या मनात मोठ्या फ्लॅटचा विचार सोडून दिला.

ती अकोल्याची. इंजिनिअरिंगला पुण्यात आली आणि इथलीच झाली. पुणेरी खोचकपणा तर तिने आमच्या सदाशिव पेठेतल्या मावश्यांपेक्षा चांगला उचलला होता. मी मूळचा पुण्याचा असूनही घरात गप्प बसायची वेळ नेहमी माझ्यावर यायची.

रविवारी सकाळी आम्ही त्या गाडीतून खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या रस्त्याला जायचो. ती चालवायची, मी शेजारी बसून थर्मासमधला चहा सांडू न देण्याचं काम करायचो. असंच एकदा परत येताना धरणाच्या चौपाटीपाशी गाड्यांची रांग लागली होती. कणसंवाले, भजीवाले, फोटो काढणारी पोरं. गाडी पावलापावलाने सरकत होती. ती म्हणाली, "क्लच जड झालाय रे. पाय भरून आला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसनंतर ती गाडी घेऊन नाना पेठेतल्या गॅरेजला गेली. गॅरेजच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं. आधी टांगे दुरुस्त करायचे, मग स्कूटर, मग मोटारी. चाचांनी आत बसून क्लच दाबून पाहिला, पुन्हा दाबला, म्हणाले, "ताई, मला तर ठीक वाटतोय."

"मला नाही वाटत."

"मग बघू या."

क्लचचं तेल ढकलणारा सिलिंडर बदलला, तेल बदललं. तरी तिला जडच लागत होता. "प्लेटच गेली असणार," तिने निकाल दिला. प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायला लागतो. आणि रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ती म्हणाली, "गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर मग..."

हे "तर मग" मला चांगलं ओळखीचं होतं. "तर मग काय?"

"हलकं फ्लायव्हील बसवून घेते."

मी फ्लायव्हील म्हणजे काय ते विचारलं. तिने पोळीचा डबा बाजूला सारला आणि स्टीलचं ताट बोटावर धरून दाखवलं. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड लोखंडी चकती असते, ती इंजिनाबरोबर फिरते. ती जड असली की इंजिन शांत चालतं, हिसके देत नाही, पण आळशी होतं. चकती हलकी केली की पाय ठेवताक्षणी इंजिन उसळतं आणि पाय काढला की लगेच उतरतं. गिअर बदलायला मजा येते.

"आणि तोटा?"

"सिग्नलला सुटताना जरा लक्ष नसलं की गाडी बंद पडते. तुझ्यासारख्याने चालवायची नाही, एवढाच तोटा."

पार्ट परदेशातून मागवला. तो येईपर्यंत काही आठवडे जाणार होते. त्या दिवसांत एकदा आम्ही कसबा पेठेत गेलो. तिच्या मैत्रिणीची वास्तुशांत होती आणि तिला तांब्याची घागर द्यायची होती, दुकानातली चकचकीत नाही, ठोक्याची. त्या गल्ल्यांत गाडी नेण्यात अर्थ नसतो म्हणून आम्ही लांब लावून चालत निघालो. चालताना तिची डावी चप्पल सारखी सुटत होती. दोन पावलं पुढे जायची आणि मागे वळून चप्पल घालायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती धडपडली आणि एका तांबटाच्या ओट्याला धरून उभी राहिली. ठोके थांबवून तो म्हणाला, "ताई, घागर मग घ्या. आधी चप्पल घ्या."

ती खूप हसली. तिथून जवळच पट्ट्याचे सँडल घेतले. घागरही घेतली. थोड्या दिवसांनी मी ते सँडल दाराशी सरळ करून ठेवत होतो, तेव्हा दिसलं की डाव्या सँडलचा पुढचा भाग घासून पांढरा पडलाय. उजवा नव्यासारखा होता. मी तो तिला दाखवला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली.

हाडांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सुया टोचून, झटके देऊन तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई वयाने आमच्याएवढ्याच असतील. त्यांनी विचारलं, "पाय कमजोर वाटतोय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "पाय नाही. क्लच जड लागायला लागला."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. स्नायू हलवणाऱ्या ज्या नसा असतात त्या एकेक करून मरत जातात. पायापासून सुरुवात झालीय, पुढे हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध आहे, पण ते बरं करणारं नाही. त्या हे सगळं हळू आवाजात, तिच्याकडे बघत बोलल्या, माझ्याकडे नाही. त्याबद्दल मला आजही त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून होती. खालचा मजला आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चाचांना उगाच कामाला लावलं मी."

फ्लायव्हील त्याच आठवड्यात घरी आलं. लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेलं. मी ते कपाटात ढकलून ठेवलं होतं. तिने शोधून काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. करड्या रंगाची, मध्ये भोकं असलेली, कडेला दाते असलेली चकती.

"चाचांना फोन कर. शनिवारी येतो म्हणावं."

"आता कशाला?" मी म्हणालो.

"मग काय करू ह्याचं? पोळ्या लाटू?"

"अगं, तू चालवणार आहेस का ती गाडी?"

"नाही," ती म्हणाली. "तू चालवणार आहेस."

शनिवारी गॅरेजमध्ये चाचांनी तिच्यासाठी ऑफिसमधली खुर्ची बाहेर आणून गाडीजवळ ठेवली. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ते फक्त नेहमीपेक्षा हळू बोलत होते. गाडी वर चढवली, गिअरबॉक्स उतरवला, मग क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट सोडली आणि क्लचची जुनी प्लेट बाहेर आली. चाचांनी ती फडक्याने पुसली आणि पुसतच राहिले.

"दाखवा ना," ती म्हणाली.

त्यांनी ती तिच्या हातात दिली. तिने बोटाने तिची जाडी चाचपली, उजेडाकडे धरून कडा पाहिल्या. क्लचची प्लेट झिजली की पातळ होते, तिच्यावरच्या खाचा बुजतात, एवढं मलाही एव्हाना कळत होतं. या प्लेटवरच्या खाचा स्पष्ट दिसत होत्या.

"चांगली आहे की," ती म्हणाली. "अजून पुष्कळ चालली असती."

चाचा म्हणाले, "हो ताई."

तोवर ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, घरी नाही, वडिलांना फोन करताना नाही. त्या गॅरेजमध्ये ती प्लेट मांडीवर ठेवून ती रडली. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामगारांना चहाला पाठवून दिलं. बऱ्याच वेळाने तिने त्याच काळ्या फडक्याने तोंड पुसलं, गालाला तेल लागलं, आणि म्हणाली, "चला चाचा, लावा आता. आणि बोल्ट समोरासमोरचे घट्ट करा, ओळीने नको."

"ताई, हे तुम्ही मला सांगता?"

"सवय आहे हो."

मला मॅन्युअल गाडी चालवून पंधरा-वीस वर्षं झाली होती. खराडीतल्या आयटी पार्कांमधले रस्ते रविवारी सकाळी अगदी ओस असतात, तिथे माझी शिकवणी सुरू झाली. ती डावीकडे बसायची, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. मी क्लच सोडायचो, गाडी एक गचका द्यायची आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. एका इमारतीचा रखवालदार खुर्ची वळवून आमच्याकडे तोंड करून बसला.

"रेस दे."

"देतोय."

"देत नाहीयेस, विचारतोयस. 'गाडीताई, आपण निघायचं का?' असं. सांग तिला."

मी सांगितलं. इंजिन किंचाळलं, गाडी उडी मारून निघाली आणि मी घाबरून पाय काढल्यावर पुन्हा बंद पडली. ती इतकी हसली की काठी खाली पडली. असे तीन-चार रविवार गेल्यावर मला सुटताना गाडी बंद न पाडता काढता यायला लागली. पण गिअर काही केल्या जमेनात. हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिनाचा वेग भराभर उतरायचा, आणि मी गिअर टाकेपर्यंत तो इतका खाली यायचा की गाडी झटका खायची. माझे पाय आणि हात एकमेकांशी बोलतच नव्हते.

एकदा मगरपट्ट्याकडून येताना ती वैतागून म्हणाली, "हात काढ तो." माझा हात बाजूला केला आणि तिने आपला उजवा हात गिअरच्या दांडीवर ठेवला. दांडी आमच्या दोघांच्या मध्येच होती. "आता मी म्हणेन तेव्हा फक्त क्लच दाब. क्लच!"

मी दाबला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"सोड."

त्या दिवसापासून आमचं असंच ठरून गेलं. क्लच माझा, गिअर तिचा. सुरुवातीला ती तोंडाने सांगायची, मग नुसती मान हलवायची, मग तेही लागेना. इंजिनाच्या आवाजावरून मला कळायचं की आता तिचा हात हलणार. खडकवासल्याच्या पुढे, पाण्याच्या कडेकडेने जाणाऱ्या वळणांवर आम्ही अशी गाडी चालवायचो. वळणाआधी ती गिअर खाली टाकायची, मी बरोबर त्या क्षणी रेस द्यायचो आणि गाडी कुठेही न अडखळता वळायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आमच्या. स्वयंपाकघरात भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर आम्ही महिनाभर भांडलो होतो. आणि इथे एका शब्दाशिवाय जमत होतं. मी तेव्हा सुखात होतो. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या आजारपणातले ते काही महिने मी फार सुखात होतो.

पावसाळ्यात बंद ठेवलेली गाडी दिवाळीनंतर बाहेर काढली. तोवर ती चाकाच्या खुर्चीवर आली होती. मी तिला उचलून सीटवर बसवत असे. त्या दिवशी दुसऱ्यावरून तिसरा टाकताना मी क्लच दाबला आणि वाट बघत राहिलो. दांडी हलली नाही. तिचा हात दांडीवरच होता. ती जोर लावत होती. तिसरा गिअर पुढे ढकलायचा असतो आणि तिच्या हातात ढकलायची ताकद उरली नव्हती. मी माझा हात तिच्या हातावर ठेवला आणि ढकलला. गिअर पडला. पुढचा अर्धा रस्ता आम्ही तसेच गेलो, तिच्या हातावर माझा हात. मग तिने हात हळूच ओढून मांडीवर घेतला.

"आता तू कर," ती म्हणाली.

"असंच करू ना दोघं मिळून."

"नको. उगाच नाटक होतं ते."

इतके दिवस तिच्या हाताबरोबर चालवून एव्हाना मला एकट्यालाही गिअर बऱ्यापैकी जमायला लागले होते. ती समोर बघायची आणि मी चुकलो की फक्त "हं" म्हणायची.

त्याच सुमारास सासरे अकोल्याहून आमच्याकडे राहायला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी विदर्भातल्या रस्त्यांवर झाली. लेकीला गाड्यांचं वेड त्यांच्यामुळेच लागलं, असं ती म्हणायची. ते मात्र मान्य करत नसत. ते तिला भरवायचे, तिची मान टेकवून धरायचे, पेपर वाचून दाखवायचे. लाल गाडीत बसा म्हटलं की म्हणायचे, "इतक्या खाली बसून मले रस्ता दिसत नाही, जावईबापू. तुम्हीच जा."

पुढे पुढे तिला मान सावरता येईना. शेवटच्या वेळी मी तिला मानेला पट्टा लावून नेलं, पण विमाननगर ओलांडायच्या आतच रस्त्याचे दणके तिला सोसेनात, आणि मी गाडी वळवली. तेव्हा तिचं बोलणंही अस्पष्ट झालं होतं. मला आणि सासऱ्यांनाच समजायचं. घरी पोचल्यावर तिने जे म्हटलं ते मला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणत होती, "खाली पार्किंगमध्ये चालू करत जा. मी ऐकीन."

म्हणून मग मी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर तिला खुर्चीवरून पार्किंगमध्ये न्यायचो. सासरे खुर्ची धरून उभे राहायचे. मी गाडीत बसून इंजिन सुरू करायचो आणि रेस द्यायचो. इंजिन एकदम वर जायचं, एकदम खाली यायचं. ती डोळ्यांनी सांगायची, अजून. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा एकदा तावातावाने खाली आले. "अहो, हे काय रेसकोर्स आहे का? माणसं राहतात इथे, का नाही?" मग खांबाआड असलेली खुर्ची त्यांना दिसली. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. तिने त्यांना काहीतरी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, "ती म्हणतेय, माफ करा, नवरा शिकतोय."

आजोबा वर गेले. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. गच्चीच्या जिन्यात भेटले की आधी तिची चौकशी करायचे, मग पाण्याच्या टँकरबद्दल माझ्याशी भांडायचे.

ती पुढच्या वर्षीच्या थंडीत गेली, सकाळी, घरीच. श्वासाच्या यंत्राला आधीच नाही म्हणून तिने सही केली होती, तेव्हा हातात पेन धरता येत होतं. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना होतो. सासरे तिला अकोल्याच्या त्यांच्या गल्लीतल्या कुठल्याशा बकरीची गोष्ट सांगत होते. ती लहानपणी म्हणे त्या बकरीला बसमध्ये चढवायला निघाली होती. गोष्ट मधेच थांबली आणि मला वाटलं ते पुढचं विसरले.

दिवस झाल्यावर नातेवाईक गेले. सासरेही जायला निघाले होते, पण तिकीट काढलेलं असूनही ते एक दिवस थांबले. सकाळचा चहा झाल्यावर मला म्हणाले, "त्या गाडीत मले एकदा बसवता का?"

बॅटरी उतरली होती, ती माझ्या गाडीला तारा जोडून चढवली. सासरे दाराला धरून, कण्हत, हळूहळू खाली बसले. गुडघे छातीशी आले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "त्रास होतोय का? परत जाऊ या?"

"नाही, नाही. चला."

हडपसरच्या गर्दीतून, मग कात्रजच्या बाजूने, मग सिंहगड रस्त्याने आम्ही निघालो. ते खिडकीबाहेर बघत होते. मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं की दर वेळी गिअर बदलताना त्यांचा डावा पाय खाली रबरी मॅटवर दाबला जातोय. माझ्या आधी, अगदी किंचित आधी. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. मी क्लच दाबायचो, त्यांचा पायही दाबायचा. मी सोडायचो, तेही सोडायचे. बुटांची ती जुनी, घासलेली टाच मॅटवर उठत-बसत होती.

धरणाच्या भिंतीच्या पुढे, झाडी सुरू होते तिथे मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसत नव्हतं. सासऱ्यांनी पुढे हात करून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. नंतर म्हणाले, "पोरीच्या पायाले हा क्लच जड पडत होता म्हणता?"

"हो."

"मंग तिनं मले काहून नाही सांगितलं?"

त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि तो चोळत बसले. पाण्यावर ऊन आलं होतं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.